ट्रकच्या धडकेत जखमी झाल्यानंतर भरपाईचा दावा कसा उभा करावा

महामार्गावर ट्रकने धडक दिली की सगळा राग चालकावर निघतो. चालक जबाबदार असतोच, परंतु भरपाईची रक्कम प्रत्यक्षात येते ती ट्रकच्या नोंदणीकृत मालकाच्या विमा कंपनीकडून. म्हणून जखमीच्या नातेवाइकांनी चालकाशी हुज्जत घालण्यात वेळ न दवडता ट्रकचा क्रमांक, मालकाचे नाव आणि विमा पॉलिसीचा तपशील मिळवण्याकडे लक्ष द्यावे. ट्रेलर असेल तर पुढचा भाग आणि मागचा सांगाडा या दोन्हींवरील क्रमांक टिपून ठेवावेत. ट्रक विकला गेला असला, पण आरसी बुकावर अजून जुन्याच मालकाचे नाव असले, तर दाव्यापुरता तोच मालक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

सर्वांत आधी अर्थातच उपचार. ११२ किंवा राष्ट्रीय महामार्गासाठीच्या १०३३ या क्रमांकावर कळवावे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार निर्देशित रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात दाखल करताना ‘ट्रकची धडक’ अशी नोंद झाली आहे ना, हे केसपेपर हातात घेऊन स्वतः वाचावे. घाईत कोणी ‘गाडीवरून पडला’ असे लिहिले, तर विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत त्याच ओळीवर बोट ठेवतो.

फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा आणि पुढे दोषारोपपत्र ही दाव्याची मुख्य कागदपत्रे होत. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, टायरच्या खुणा आणि वाहने कोणत्या मार्गिकेत होती हे आले पाहिजे. रात्री रस्त्यात बंद पडून उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळल्याची प्रकरणे आपल्याकडे पुष्कळ घडतात. तेथे मागचे दिवे चालू होते का, परावर्तक पट्ट्या होत्या का, की नुसते चार दगड आणि झाडाची फांदी ठेवून भागवले होते, हे त्याच रात्री काढलेल्या छायाचित्रांतून जसे दिसते, तसे पुढे कोणाच्याही साक्षीतून दिसत नाही. ट्रक बाजूला काढला की हा पुरावा गेलाच.

दोन्ही वाहनांची चूक असेल, तर तुम्ही कोठे बसला होता यावर बरेच अवलंबून असते. तुम्ही मोटारीतील प्रवासी असाल, तर दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. चालक असाल, तर तुमच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते. चालकाकडे वैध परवाना नव्हता, म्हणून विमा कंपनीने हात झटकले तरी घाबरू नये, कारण अशा वेळी दाव्याचा निकाल देणारे न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगते. मालवाहू ट्रकमध्ये लिफ्ट घेऊन बसलेल्या प्रवाशाची बाजू मात्र कमकुवत असते.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो. अपघात सोलापूरजवळ झाला आणि तुम्ही नाशिकला राहत असाल, तर तो नाशिकलाही करता येतो. २०२२ पासून यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर न राहता मुदत पाळावी. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तर वेगळ्या योजनेतून गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार आणि मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. ही रक्कम तुटपुंजीच आहे.

खरी लढाई असते ती अपंगत्वाच्या टक्केवारीवर. समजा, दरमहा वीस हजार कमावणाऱ्या ३४ वर्षांच्या रंगाऱ्याचा गुडघा कायमचा निकामी झाला. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून त्याचे वार्षिक उत्पन्न ३,३६,००० होते आणि या वयासाठीचा गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, १६ आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रातील ३० टक्के जसेच्या तसे धरले, तर उत्पन्नाच्या नुकसानीपोटी १६,१२,८०० रुपये होतात. शिडीवर चढताच येत नसल्याने त्याची कमाईची क्षमता ५० टक्क्यांनी घटली हे सिद्ध झाले, तर तीच रक्कम २६,८८,००० होते. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आणि कामाचे नेमके स्वरूप सांगणारा साक्षीदार यांचा आग्रह वकिलाकडे धरावा. उत्पन्नासाठी बँकेचे खातेउतारे, विवरणपत्रे किंवा ठेकेदाराचे पत्र जपून ठेवावे. उपचारांची बिले, प्रवासखर्च आणि घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार यांची मागणी वेगळी करावी. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे भरपाईतून वजा करता येत नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

रुग्णालयाच्या दारात कोऱ्या वकीलपत्रावर सही मागणारे भेटतात. त्यांना वाटेला लावावे. लोकअदालतीत तडजोड झाल्यास पैसे लवकर हाती येतात, पण त्या निवाड्यावर अपील करता येत नाही. त्यामुळे पायात बसवलेली सळई काढण्याची किंवा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया बाकी असेल, तर तिच्या खर्चाचे लेखी अंदाजपत्रक डॉक्टरांकडून घेतल्याशिवाय तडजोडीवर सही करू नये.