रीडिंग सारखंच येतंय म्हणून खूश होऊ नका

सायन्सच्या प्रॅक्टिकलला बसताय तर हायपोथेसिस (तपासून बघायचा अंदाज), व्हेरिएबल (बदलणारी गोष्ट), कंट्रोल (तुलनेसाठी तशीच ठेवलेली बाजू) हे शब्द तुमचे पाठ असणार, त्यात वेळ घालवत नाही. हायपोथेसिस असा मांडा की तो खोटा ठरायला वाव राहील, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, बस. खरा घोळ पुढे मोजायला बसलो की सुरू होतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते सिस्टिमॅटिक एररने, म्हणजे दर वेळी एकाच बाजूला तेवढीच होणारी चूक. सिम्पल पेंड्युलमवरून (दोऱ्याला टांगलेला झुलता गोळा) जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढताय असं धरा. दोरा ५० सेंमी, गोळ्याची त्रिज्या १ सेंमी. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, पण नुसता दोरा मोजला की ५१ च्या जागी ५० पडतात आणि जी ९.८ ऐवजी ९.६ येतो. परत करा, परत ९.६. कितीही वेळा करून सरासरी काढा, ९.६ च्या आसपासच फिरणार, आणि आपल्याला वाटतं की वा, काय सफाईदार हात बसलाय! सरासरीने रँडम एरर कमी होतो, म्हणजे स्टॉपवॉच दाबताना पुढेमागे होतं तो (म्हणून तर २० आंदोलनांचा वेळ घेऊन २० ने भागायचं). एकाच बाजूला सरकवणाऱ्या चुकीला सरासरी हात पण लावू शकत नाही. तारेची जाडी मोजायच्या स्क्रू गेजचं तेच, लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात छोटं माप) ०.०१ मिमी असला तरी झिरो एरर, म्हणजे काहीच न धरता दिसणारा आकडा, वजा केला नाही तर तेवढी बारकाई फुकट.

घाबरू नका, मोठमोठ्यांचं होतं. २०११ मध्ये युरोपातल्या ऑपेरा नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगात न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले, हजारो नोंदी होत्या, आणि मुख्य कारण निघालं नीट न बसलेली ऑप्टिकल फायबरची केबल. तिथल्या शास्त्रज्ञांनी आकडा लपवला नाही, जगापुढे ठेवून तपासा म्हणाले, मला तर हे फार मोठं वाटतं.

आणि सीनियरच्या जर्नलवरून उत्तर बघून उलटी रीडिंग्ज भरायची, हे कृपा करून करू नका. मार्क मिळतील पण चूक शोधायची सवय कधीच लागणार नाही. जे सर किंवा मॅडम उत्तराआधी कच्ची वही मागतात त्यांची साथ सोडू नका, कितीही कडक असले तरी. वही पेनानेच लिहा, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारा, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे.

तर ही सिस्टिमॅटिक चूक पकडायची कशी? लांबी बदलत जा आणि ग्राफ काढा, आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर आवर्तकाळाचा (एका आंदोलनाला लागणारा वेळ) वर्ग. रेघ शून्यातून गेली नाही तरी तिला ओढूनताणून शून्यातून नेऊ नका!! ती आडव्या अक्षाला उणे १ सेंमीच्या जवळपास कापेल, तीच तुमची विसरलेली त्रिज्या. आणि स्लोपवरून (रेघेच्या चढावरून) काढलेला जी तरीही बरोबर येतो, कारण प्रत्येक लांबीत चूक तेवढीच होती. जुनी रीडिंग्ज असतील तर त्यांच्यावरच करून बघा, प्रयोग परत लावायची पण गरज नाही.