फाईल उघडली म्हणजे सर्किट आलं असं नव्हे

मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स, आणि पहिली नोकरी उद्यमबागेतल्या एका छोट्या युनिटात. फाउंड्री आणि हायड्रॉलिक प्रेसची कंट्रोल कार्डं आम्ही बनवतो. पहिल्याच महिन्यात माझ्याकडे काम आलं ते ईगलमधली जुनी डिझाइन्स कीकॅडमध्ये आणायचं. दोन्ही सर्किट बोर्ड डिझाइन करायची सॉफ्टवेअर. ईगलवाल्या ऑटोडेस्क कंपनीने ७ जून २०२६ पासून ईगल बंद करायचं जाहीर केल्यामुळे हे काम बऱ्याच नवख्यांच्या वाट्याला येतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कीकॅड ईगलची फाईल थेट उघडतं, फक्त ती ईगल ६ किंवा पुढची, म्हणजे एक्सएमएल स्वरूपातली हवी. त्याआधीची असेल तर नव्या ईगलमध्ये उघडून एकदा सेव्ह करून घ्या. आमची फाईल तशीच उघडली. सगळं जागच्या जागी दिसलं आणि मी खूश झालो.

जुन्या लायब्ररीत (पार्टांच्या तयार चित्रांच्या संचात) डायोडच्या पिनांची नावं होती ए (अ‍ॅनोड) आणि सी (कॅथोड). मला कीकॅडचा स्वतःचा फूटप्रिंट (पार्ट बोर्डावर जिथे सोल्डर होतो त्या पॅडांचा आराखडा) हवा होता, त्याच्या पॅडांना नंबर १ आणि २. मी ए ला १ केलं, सी ला २. कीकॅडमध्ये मात्र डायोडचा १ नंबर म्हणजे कॅथोड. डीआरसीने, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नियम-तपासणीने, एकही चूक दाखवली नाही, कारण सर्किटच्या चित्रातलं सिम्बॉल आणि बोर्डावरचे पॅड एकमेकांशी जुळत होते. कार्डं बनून आली, १२ व्होल्टच्या रिलेवरचे सगळे १एन४००७ डायोड उलटे. रिले ऑन करायला गेलो की सप्लाय डायोडमधून सरळ ट्रान्झिस्टरवर. पहिला बीसी ५४७ ट्रान्झिस्टर माझ्या डोळ्यांदेखत फुटला.

आमचे अण्णा, वायरिंगमधला जुना माणूस, कार्ड हातात घेऊन म्हणाले, "फाईल उघडली म्हणजे झालं नव्हं. डायोडची पांढरी पट्टी कुठं जातीया, ते बघ की आधी." ही पट्टी कॅथोडच्या बाजूला असते.

दोन्हीकडची नेटलिस्ट (कुठला पिन कुठे जोडलाय त्याची यादी) काढून ताडून बघाच, तुटलेली जोडणी त्यात सापडते. पण पिनांचे नंबर तुम्हीच चुकीचे लावले असतील तर नेटलिस्टही बरोबरच दिसणार. म्हणून डायोड, ट्रान्झिस्टर, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि कनेक्टर यांचे पिन डेटाशीट उघडून, शक्य असेल तर पार्ट हातात धरून तपासा. तपासायची दुसरी जागा ७४ मालिकेच्या लॉजिक आयसींची. ईगलमध्ये त्यांचे पॉवर पिन बऱ्याचदा चित्रात नसतात, नुसत्या नावाने जोडलेले असतात. तुमच्या सप्लायचं नाव व्हीसीसी नसून दुसरंच असेल तर आयसी उपाशी राहते. ७४एचसी१४ असेल तर १४ आणि ७ नंबरचे पिन आधी बघा. कॉपर पोअर (बोर्डाच्या मोकळ्या जागेतलं तांबं) पुन्हा भरून घ्या (कीकॅडमध्ये बी दाबून), आणि ट्रॅकमधल्या अंतराचे नियम नव्याने तपासा, विशेषतः २३० व्होल्टच्या बाजूचे.

फक्त गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाईली) हातात असेल तर त्यात तांब्याचं चित्रच असतं, स्कीमॅटिक म्हणजे सर्किटची आकृती नसते. ते नव्याने काढावं लागतं. त्याचे दिवस मालकांना आधीच सांगून टाका.

आता मी दोन्ही स्कीमॅटिक ए३ कागदावर छापतो. अण्णा जुन्यावरून पिन वाचतात, मी नव्यावर हिरव्या पेनाने खूण करतो. एका कार्डाला अर्धी दुपार जाते. तोवर बोर्डाची ऑर्डर आम्ही पाठवत नाही.