सोसायटीची निवडणूक कशी घ्यावी: मतदार यादीपासून दप्तराच्या ताब्यापर्यंत

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, कमिटीची पाच वर्षांची मुदत संपत आली की इमारतीत पहिला प्रश्न निघतो तो अध्यक्ष कोण होणार हा. वास्तविक तो शेवटून दुसरा प्रश्न आहे. निवडणूक बिघडते ती बहुधा मतदार यादीत, आणि ती बिघडली आहे हे कळते मतदानाच्या दिवशी, जेव्हा दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो.

सर्वांत आधी आपली संस्था नेमकी कोणत्या कायद्याखाली आहे, हे कपाटातून नोंदणीचा कागद काढून पाहावे. बोलताना आपण सगळ्यांनाच सोसायटी म्हणतो. परंतु काही इमारती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्था असतात, तर काहींचे घोषणापत्र १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याप्रमाणे झालेले असते. अपार्टमेंटमध्ये मत सदनिकेच्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक जागेतील तिच्या वाट्याच्या, टक्केवारीवर मोजले जाते आणि तिथे घोषणापत्रासोबतचे उपविधी, म्हणजे संस्थेचे अंतर्गत नियम, चालतात. पुढील विवेचन सहकारी संस्थांपुरते आहे. त्यांत घर मोठे असो वा लहान, एका सभासदाला एकच मत असते.

सभासदसंख्या २५० पर्यंत असेल तर संस्थेला आपली निवडणूक स्वतः घेता येते. त्याहून मोठ्या संस्थांची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या यंत्रणेमार्फत होते. स्वतः घ्यायची असली तरी मुदत संपण्याच्या सहा महिने आधीच समितीने तयारीला लागावे. मुदत उलटून गेली तर सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाकडून बाहेरचा अधिकारी नेमला जाण्याची वेळ येऊ शकते, आणि मग पंपाच्या दुरुस्तीच्या चेकसाठीसुद्धा त्याच्या सहीची वाट पाहावी लागते.

आता यादीकडे वळू. सभासदांची नोंद ‘आय’ नमुन्याच्या रजिस्टरमध्ये आणि यादी ‘जे’ नमुन्यात असते. ही दोन्ही रजिस्टरे समोर ठेवून प्रत्येक सदनिकेचे भाग प्रमाणपत्र, म्हणजे आपले शेअर सर्टिफिकेट, मागवून नाव पडताळावे. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाचे रकाने असतात. ते उलटून पाहणे कुणालाच आठवत नाही. आमच्या इमारतीतील एका मावशींचे यजमान वारल्यानंतर त्यांनी नामनिर्देशनाच्या, म्हणजे नॉमिनेशनच्या, आधारे अर्ज दिला होता, तो तत्कालीन सचिवांच्या फाइलीत दोन वर्षे पडून राहिला. मतदानाच्या सकाळी मावशी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले प्रमाणपत्र घेऊन आल्या. मागचे रकाने कोरे होते, यादीत नाव यजमानांचे होते, आणि त्यांना मत न देताच परत जावे लागले. नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सभासद म्हणून वेळेत दाखल करून घेतले असते तर तिला मताचा हक्क मिळाला असता. चूक कायद्याची नव्हती, आमची होती.

संयुक्त सभासद असतील तर ज्याचे नाव प्रमाणपत्रावर पहिले, त्याचा मताचा हक्क पहिला. तो हजर नसेल तर दुसऱ्याचा. मुलगा पुण्यात नोकरीला असून सदनिका त्याच्या एकट्याच्या नावावर असेल, तर इथे राहणाऱ्या वडिलांना, ते त्याच्या लेखी संमतीने रीतसर सहयोगी सभासद झालेले नसतील तर, ‘त्याच्या वतीने’ मत देता येत नाही. सहकार कायद्यात प्रतिनिधीमार्फत मतदानाला जागा नाही. भाडेकरूचा तर प्रश्नच येत नाही. कच्ची यादी सूचना फलकावर लावून हरकती मागवाव्यात, त्या लेखीच घ्याव्यात, आणि निर्णय दिल्यावरच अंतिम यादी लावावी. सोलापुरात एकाच जिन्यावर मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे असतात, म्हणून केवळ फलकावर न विसंबता कुणीतरी घरोघरी जाऊन यादी वाचून दाखवावी.

निवडणूक निर्णय अधिकारी नेमताना तो स्वतः उमेदवार नसावा आणि शक्यतो मावळत्या समितीतीलही नसावा. जागा किती, हे आपल्या उपविधीत पाहावे. आदर्श उपविधींप्रमाणे १०० सभासदांपर्यंत ११ जागा असतात: सर्वसाधारण ६, महिला २, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, तसेच भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्ग यांसाठी प्रत्येकी १. राखीव जागेसाठी सभासदच नसेल तर ती रिकामी ठेवावी. आपल्या माणसाची सोय म्हणून ती खुल्या गटात ओढू नये. देयकाची किंवा मागणीची मुदत उलटून तीन महिने झाले तरी ज्याची रक्कम बाकी आहे, तो थकबाकीदार ठरतो आणि उमेदवारीस अपात्र होतो. म्हणून छाननीपूर्वी खजिनदाराकडून बाकीचा तक्ता सहीनिशी घ्यावा. तोंडी ‘भरले आहेत हो’ चालत नाही.

माघारीनंतर जागांइतकेच अर्ज उरले तर निवड बिनविरोध होते. अन्यथा गुप्त मतदान घ्यावे, उमेदवारांसमोर रिकामी पेटी दाखवून सील करावी आणि मोजणी त्याच दिवशी उरकावी. मते समान पडल्यास चिठ्ठी टाकावी. तारीख ठरवताना जानेवारीतील सिद्धेश्वरांची यात्रा टाळावी, मे महिन्यात मतदान आलेच तर सकाळची वेळ ठेवावी, आणि नळाला पाणी येण्याचा दिवस तर मुळीच नको. काही दिवसांआड येणारे पाणी सोडून कुणी जिना उतरत नाही. निकालावर वाद असेल तर तो जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत सहकार न्यायालयात दाखल करावा लागतो.

अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांची निवड सभासद थेट करीत नाहीत. निवडून आलेली समिती पहिल्या सभेत आपल्यातूनच ती करते. अध्यक्षपदासाठी चुरस होते आणि सचिवपद कुणाच्या तरी गळ्यात पडते, हा माझा अनुभव. प्रत्यक्षात पत्रव्यवहार, इतिवृत्त आणि टँकरवाल्याचा फोन हे सगळे सचिवाच्याच वाट्याला येते. तेव्हा ज्याला लिहायचा कंटाळा नाही अशाच माणसाला सचिव करावे. नावे सुचवणारे, अनुमोदन देणारे आणि मतांची संख्या इतिवृत्तात तिथल्या तिथे लिहावी.

त्यानंतर दप्तराचा ताबा घ्यावा. इतिवृत्त पुस्तके, दोन्ही रजिस्टरे, लेखापरीक्षण अहवाल, अभिहस्तांतरणाचे (कन्व्हेयन्सचे) कागद, लिफ्टच्या देखभालीचा करार, वापरलेली व कोरी चेकबुके यांची यादी दोन प्रतींत करून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. बँकेतील सह्या बदलण्याचा ठराव त्याच सभेत करावा आणि त्याची प्रत दुसऱ्याच दिवशी बँकेत द्यावी. यादीच्या शेवटी पंपघराच्या आणि गच्चीच्या किल्ल्याही लिहाव्यात. आमच्याकडे गच्चीची किल्ली मागच्या खजिनदारांच्या घरून यायला दिवाळी उजाडली.