पांढरा शर्ट कॉलरपासून मरतो

ऑफिसचा शर्ट थोडा चुकला तर शिंपी निस्तरतो. बाही लांब असेल तर आखूड करतो, पोटाकडे घोळ असेल तर दोन टिपा मारून आत घेतो. खांदा आणि कॉलर मात्र दुकानातच नीट बघून घ्यायची. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर आली की झालं. कॉलरला जरा वेळ द्या.

तयार फॉर्मल शर्टांवर ३९, ४०, ४२ असे आकडे असतात, ते बहुतेक वेळा कॉलरचे सेंटिमीटर असतात. ते छातीचे इंच समजून शर्ट उचलणारे लोक मी दर दिवाळीला बघतो. वरचं बटण लावा आणि कॉलर व गळा यांच्यामध्ये दोन बोटं घाला. ती सहज गेली पाहिजेत, पण तिसऱ्याला जागा नको. शुद्ध सुती असेल तर पहिल्या एकदोन धुण्यांत थोडा आटणार हे धरून चाला. ‘वरचं बटण कुठे लावतो आपण’ म्हणणाऱ्याला लग्नात टाय बांधायची वेळ आली की कळतं.

शिवून घेणार असाल तर ५८ इंच पन्ह्याचं कापड पूर्ण बाहीला साधारण १.६ मीटर लागतं. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या. ‘आमचं कापड आटत नाही’ यावर विश्वास ठेवू नका. आतलं बुकरम (कॉलर ताठ ठेवणारं जाड कापड) आणि वरचं कापड वेगवेगळं आटलं की कॉलरवर फुगे येतात, आणि ते इस्त्रीने जात नाहीत.

आता धुणं. इथेच मी पाचसहा चांगले शर्ट घालवले आहेत.

कॉलरच्या आतली काळपट रेघ म्हणजे नुसती धूळ नव्हे. मानेचं तेल आधी कापडात मुरतं आणि धूळ त्याला चिकटते. मी वर्षानुवर्षं त्या रेघेवर साबणाची वडी फिरवून कपड्यांच्या ब्रशने खसाखसा घासत होतो. मळ जायचा, पण सहा महिन्यांत घडीवरचे धागे फुटायचे आणि कॉलरच्या कडेला पांढरी लव दिसायची. दोष कापडाला देत होतो, खरा दोषी ब्रश होता.

तेल काढायचं तर तेल सोडवणारी वस्तू हवी, आणि ती घरातच असते: भांडी घासायचं लिक्विड. कॉलर कोरडी असतानाच रेघेवर चार थेंब टाका, बोटाने पसरवा, वीस मिनिटं ठेवा. आधी पाण्यात बुडवलीत तर लिक्विड पातळ होऊन तेलापर्यंत जोरात पोचतच नाही, मी ही चूकही केली आहे. मग कोमट पाण्यात कापडावर कापड हलकं चोळा आणि शर्ट नेहमीसारखा धुवा. हे दर धुण्याला करायचं. रेघ काळी होईपर्यंत थांबलात तर पुढे ब्रशच आठवतो.

काखेतला पिवळा डाग वेगळा. बऱ्याचदा तो घाम आणि घाम रोखणाऱ्या स्प्रेमधलं ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाचा असतो. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतू नका, अनेकदा डाग आणखी पिवळा होतो. आणि तो सल्ला तर कृपा करून ऐकू नका, की ब्लीचमध्येच थोडं व्हिनेगर घाला. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या बाथरूमला खिडकी असते ती केवढी! केमिस्टकडे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. पांढऱ्या सुती कापडावर ते लावून अर्धा तास ठेवा आणि धुवा. रंगीत शर्टावर नको. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री अजिबात फिरवू नका. उष्णतेने तो पक्का बसतो, मग परीटही हात टेकतो.

मशीनमध्ये टाकताना बटणं उघडा, कॉलरच्या टोकांतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढा. त्या राहिल्या तर इस्त्रीच्या वेळी कापडावर उमटतात. वाळवणं सावलीत, हँगरवर, ओलसर असतानाच कॉलर हाताने सरळ करून.

इस्त्री किंचित ओलसर शर्टावर करा. कॉलर आधी उलट्या बाजूने, दोन्ही टोकांकडून मध्याकडे. मध्याकडून टोकाकडे गेलात की जास्तीचं कापड टोकाशी गोळा होऊन तिथे कायमची सुरकुती पडते. मग कफ, बाह्या, पुढचा भाग, पाठ.

एवढं करूनही दोनचार वर्षांनी घडीवर कापड विरतंच. तेव्हा शर्ट पोछ्याला देऊ नका. आपल्या वडिलांच्या पिढीत शिंपी कॉलर ‘उलटवून’ देत. गळ्याभोवतीच्या पट्टीच्या शिवणीतून कॉलर सोडवायची, विरलेली बाजू खाली करायची आणि पुन्हा शिवायची. आजही गल्लीतला जुना शिंपी हे काम करतो, नवी दुकानं बहुधा नाही म्हणतात. फक्त आधी कॉलर पालथी करून बघा: खालच्या बाजूला प्लास्टिकच्या पट्ट्यांची भोकं असतील, तर उलटवल्यावर ती वर येऊन सगळ्यांना दिसतील.