टाटाचे पेशंट घरी ठेवायचे म्हणताय?

रिटायर झालेत, मुलं बाहेरगावी, एक खोली रिकामी पडलीय आणि परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला येणाऱ्या लोकांना ती द्यावी असं मनात येतंय, अशी माणसं मला बरेचदा विचारतात की सुरुवात कशी करायची. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. आम्ही नायगावला राहतो, परळला चालत जाता येतं. हे काम मी ठरवून वगैरे अजिबात सुरू केलं नाही, सासूबाई असताना गावाकडचं कुणीतरी आजारी माणूस यायचंच आणि ते आमच्याकडेच उतरायचं, मग नात्यातले झाले, ओळखीचे झाले, ओळखीच्यांच्या ओळखीचे झाले, आणि आता जळगाव, यवतमाळपासून पार बंगालपर्यंतचे लोक राहून गेलेत.

पहिली गोष्ट सांगते, ती ऐकून लोकांना जरा राग येतो. पाहुणचार करू नका.

म्हणजे काय, तर पाहुणा दोन दिवसांचा असतो. हे लोक महिना महिना राहतात. रेडिएशन असेल तर सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, असे पाच-सहा आठवडे सहज जातात. केमो असेल तर बरेचदा दर २१ दिवसांनी, मध्ये ब्लड रिपोर्ट, काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) कमी आले की तारीख पुढे. एवढे दिवस तुम्ही त्यांना ताट वाढत राहिलात तर चौथ्या दिवसापासून ते ओशाळायला लागतात, अर्धपोटी उठतात, पंखा लावायलासुद्धा विचारतात. त्यांना हवी असते एक चावी, गॅसची एक शेगडी, फ्रिजमधला एक कप्पा आणि आतून लावता येणारं दार. नवऱ्याला घेऊन आलेल्या बाईच्या हातात त्या दिवसांत दुसरं काहीच नसतं हो, डॉक्टर काय बोलतात ते निम्मं कळत नाही, तिला निदान भात तरी स्वतःच्या हातचा घालू दे. बंगाली लोक आले की मोहरीचं तेल आणि मासे, घरभर वास! आमच्याकडे मासे चालतात म्हणून प्रश्न आला नाही. तुमच्याकडे चालत नसतील तर फोनवरच सांगा, नंतर तोंड वाकडं करण्यापेक्षा ते बरं.

घरातल्या सगळ्यांना विचारलंय का हेही बघा. नुसतं "हो हो करू की" नको, खरंच विचारा. बाथरूम एकच असेल तर सकाळी कोण किती वाजता जाणार इथपर्यंत बोलून घ्यायचं. आमच्या ह्यांचं एकच म्हणणं होतं, रविवार दुपारची झोप मोडायची नाही, आणि ते आजपर्यंत पाळलंय.

आता आजाराचं. कॅन्सर एकमेकांना लागत नाही, हे सोसायटीतल्या शिकलेल्या लोकांनाही अजून सांगावं लागतं, कपाळाला हात. उलट आपल्यापासून पेशंटला धोका. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली येतात, त्यामुळे घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने मास्क लावायचा, लांब राहायचं. पाणी उकळून, कच्ची कोशिंबीर नको, बाहेरचा उसाचा रस तर नकोच. थर्मामीटर घरात पाहिजेच आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. केमोनंतरचे ४८ तास टॉयलेटचं झाकण लावून दोनदा फ्लश करायला सांगा, उलटीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे. आणि थायरॉइडवाल्यांना किरणोत्सर्गी आयोडीन देतात, त्यानंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून दूर राहावं लागतं. किती दिवस ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, घरात सून गरोदर असेल तर त्या वेळी असा पेशंट घेऊच नका.

तोंड आलेलं असतं त्यामुळे तिखट चालत नाही. वऱ्हाडातले एक काका ठेच्याकडे नुसते बघत बसायचे, मग मऊ भात-तूप, पेज, थंड ताक (काउंट बरे असतील तेव्हा, घरचं).

कागदपत्रं मात्र घ्यायची, भिडेखातर सोडायची नाहीत. आधारची झेरॉक्स, हॉस्पिटलच्या फाइलचं पहिलं पान, गावाकडच्या दोन माणसांचे नंबर. सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवून ठेवा. आमच्याकडे एकाने "लिफ्टमधून नेऊ नका" असं सुचवून पाहिलं होतं, नशिबाने आमच्या बिल्डिंगला लिफ्टच नाही.

पैशाचं माझं मत स्पष्ट आहे, उसने द्यायचे नाहीत. घर दिलंय ना, मग देणं-घेणं मध्ये आणलं की माणसं तोंड चुकवायला लागतात. त्यापेक्षा वाट दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं बसतं का ते विचारायला पाठवा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण माफी असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं आणि ते पूर्ण तिकीट काढून येतात. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं. पावसाळ्यात दादर-परळच्या मधल्या हिंदमाताला पाणी भरतं, त्या दिवशी टॅक्सीवाले येत नाहीत, तेव्हा अपॉइंटमेंट सकाळची असेल तर लवकर निघायचं.

आणि कुणी दगावेलही तुमच्या घरात. यावर आधी विचार करा, खरंच करा. फॅमिली डॉक्टरांशी अगोदर बोलून ठेवा, मृत्यूचं सर्टिफिकेट त्या वेळी कोण देणार, नाहीतर ऐन वेळी पळापळ आणि पोलीस. बॉडी गावाला न्यायची की इथेच करायचं, हे नातेवाईकांनी ठरवायचं, आपण मध्ये पडायचं नाही, फक्त अँब्युलन्सचा नंबर तयार ठेवायचा. त्यानंतर मी थोडे दिवस खोली रिकामी ठेवते. काही जण म्हणतात एवढे लोक फुटपाथवर झोपतात आणि तुम्ही खोली रिकामी काय ठेवता. ठेवते. दमलेलं घर पुढच्याला चिडचिडंच मिळतं.

सगळंच आपण पेलायला जाऊ नये. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड आहे, त्यांची व्यवस्था आपल्यापेक्षा चांगली असते. तिथे नंबर लागेपर्यंतचे दिवस काढून दिले तरी खूप झालं. सुरुवात तशीच करा, आठवड्याभरासाठी एक पेशंट आणि सोबत एकच माणूस. हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्कर विभागात जाऊन आपलं नाव सांगा, आणि सांगताना कितवा मजला, लिफ्ट आहे का, कमोड आहे की भारतीय संडास, घरात मांजर-कुत्रा आहे का हे सगळं न विचारता सांगून टाका.