टूडूइस्टमध्ये कामांची यादी एकदम टाका

मीटिंग संपली की दहा-बारा कामं हातात असतात, आणि ती एकेक करून टूडूइस्ट या कामांची यादी ठेवायच्या ॲपमध्ये भरायचा कंटाळा येतो. मग ती वहीतच राहतात. त्यापेक्षा असं करा:

१. नोट्स ॲपमध्ये प्रत्येक काम वेगळ्या ओळीवर लिहा.
२. ओळीच्या शेवटी तारीख इंग्रजीत टाइप करा. प्रोजेक्टच्या नावाआधी # द्या, लेबलाआधी @.
३. सगळं कॉपी करून टूडूइस्टच्या नवीन कामाच्या चौकटीत पेस्ट करा. ओळी वेगवेगळी कामं म्हणून टाकायच्या का, असं विचारलं की हो म्हणा.

कॉम्प्युटरवर ही चौकट उघडायला माउसही लागत नाही, कीबोर्डवरचं क्यू दाबलं की झालं. दर सोमवारचा रिपोर्ट असेल तर 'एव्हरी मंडे' एवढं इंग्रजीत लिहिलं की काम दर आठवड्याला आपोआप समोर येतं. मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटते.

एक सांभाळा: कामाच्या नावातच वाराचं इंग्रजी नाव असेल, तर ॲप त्यालाच तारीख समजतं. एकेक काम टाकताना तो शब्द रंगीत दिसतो. त्यावर क्लिक केलं की तो पुन्हा साधा मजकूर होतो. यादी पेस्ट केल्यावर मात्र तारखांवरून एकदा नजर फिरवा.