फ्लॅक लागलेल्या बॉम्बरची गोष्ट सांगताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिक चार्ली ब्राउनच्या बी-१७ या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानाची गोष्ट व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असते. २० डिसेंबर १९४३ ला जर्मनीतल्या ब्रेमेन शहरावरच्या हल्ल्यानंतर जर्मन वैमानिक फ्रान्झ स्टिगलर त्या मोडक्या विमानाशेजारी आला, पण त्याने गोळी झाडली नाही. गोष्ट खरी आहे, तिच्या तपशिलात मात्र फार ढिलाई होते.

पहिली चूक म्हणजे सगळी मोडतोड लढाऊ विमानांच्या नावावर टाकणं. आधी लागला तो फ्लॅक, म्हणजे जमिनीवरून डागलेल्या विमानविरोधी तोफांचा मारा. तोफेचा गोळा थेट विमानावर बसावा लागत नाही, जवळ फुटला तरी त्याच्या कपच्या पत्रा फाडत जातात. ब्राउनच्या विमानाच्या नाकाची काच फुटली, दोन नंबरचं इंजिन गेलं, चार नंबरचं बिघडलं. वेग कमी झाला, विमान ताफ्याच्या मागे पडलं. ताफ्यात एकमेकांच्या मशीनगन एकमेकांना राखत असतात. एकटं पडलेलं विमान दिसलं की फायटर त्याच्यावर तुटून पडत, आणि इथेही तेच झालं.

‘चारातलं एक इंजिन बंद, तीन शिल्लक’ असं सरळ गणित मांडू नका. बंद इंजिनाचा पंखा ‘फेदर’ करावा लागतो, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला कडेने धरायची. बी-१७ मध्ये हे काम इंजिनाच्या तेलावर चालतं. टाकीला भोक पडून तेल गळून गेलं, तर पंखा वाऱ्याने भरधाव फिरत राहतो, विमानाला मागे ओढतो आणि हादरवतो. म्हणून तेलाच्या दाबाचा काटा घसरताना दिसला की वैमानिकाला फेदर करण्याचा निर्णय तेव्हाच घ्यावा लागे.

थंडी आणि प्राणवायू तर बहुतेक जण विसरतातच. त्या उंचीवर पारा उणे ४० च्याही खाली जातो. जखमींसाठी ठेवलेलं मॉर्फिन गोठून गेलं होतं. प्राणवायूची यंत्रणा निकामी झाली, ब्राउन बेशुद्ध पडला आणि विमान खाली येत गेल्यावर दाट हवेत शुद्धीवर आला.

‘सगळे वाचले’ असं लिहू नका. दहा जणांपैकी शेपटीचा गनर ह्यू एकेनरॉथ विमानातच मारला गेला होता. स्टिगलरने इंग्लंडपर्यंत सोबत केली, हेही चूक. समुद्रावर आल्यावर तो सलाम करून परत फिरला. ब्राउन इंग्लंडमधल्या स्वतःच्या किंबोल्टन तळावर पोचलाच नाही, वाटेत तिथल्याच सीदिंगच्या तळावर उतरला. ब्राउन आणि स्टिगलरची भेट झाली ती थेट १९९० मध्ये.